रात्री बारा वाजता मूल घेऊन जायचे कुठे?

या सदरात मी एरवी आजारांची माहिती देतो. आज थोडे वेगळे लिहिणार आहे, कारण आजच्या लेखातील एक चूक माझी स्वतःची आहे. ज्या कुटुंबाची ही हकीकत आहे त्यांना विचारून, नाव-गाव वगळून लिहीत आहे.

माझ्या दवाखान्यात लहानपणापासून येणारा एक मुलगा आता तीस वर्षांचा आहे. मार्केट यार्डात एका आडत दुकानावर हिशेब लिहितो. त्याला झालेला गोवर मीच पाहिला होता. तो मला ‘डॉक्टरकाका’ म्हणतो. गेल्या जानेवारीत, दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळी तो आला, समोरच्या स्टुलावर बसला आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. दुकानाच्या पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत वेळा आणि पुढे दोन-दोन शब्द लिहिले होते. हिशेबनिसाची सवय, दुसरे काय. तो भांडायला आला नव्हता. एवढेच म्हणाला, “काका, हे वाचा आणि मला सांगा, मी कुठे चुकलो?”

त्याची मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. कागदावरची पहिली नोंद माझीच होती.

सायंकाळी ७.१५, काकांचा दवाखाना. मला ती संध्याकाळ आठवते. थंडीचे दिवस, बाहेर चाळीस-पंचेचाळीस पेशंट. मुलीला दोन दिवस सर्दी-खोकला आणि ताप होता. ती आईच्या खांद्यावर झोपलेली, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, वरून शाल. आई म्हणाली, “हिचं पोट उडतंय.” मी शालीतूनच पाठीला नळी लावली, घसा पाहिला आणि म्हणालो, “सर्दीत असं होतं, काळजी करू नका.” तापाची एक बाटली आणि खोकल्याची एक बाटली लिहून दिली. दोन मिनिटेही लागली नसतील.

रात्री ११.५०, काकांना फोन. ताप १०२, दूध ओढत नाही, धाप लागली आहे. मी झोपेत होतो. म्हणालो, “तापाचा डोस दे, अंग पुसून काढ, सकाळी नऊला घेऊन ये.” हा फोन एक मिनिट दहा सेकंद चालला. हेही त्याने लिहिले होते. मोबाईल दाखवतो म्हणे.

१२.४०, गावातील मुलांचा दवाखाना. मोटारसायकलवर मागे बायको, तिच्या पोटाशी शालीत मुलगी. शटर खाली. रखवालदार म्हणाला, साहेब परिषदेला गेलेत, परवा येतील. त्यांच्या जागी कोण पाहणार, याची पाटी नाही.

१.०५, एक नर्सिंग होम. रात्रपाळीचा तरुण डॉक्टर दाराशी आला, शालीकडे पाहिले आणि म्हणाला, “नाजूक वाटतंय, लहान मुलांचं आमच्याकडे नसतं, मोठ्या ठिकाणी न्या.” हात लावला नाही, चिठ्ठी दिली नाही.

१.२५, ग्रामीण रुग्णालय. वैद्यकीय अधिकारी अपघाताच्या पेशंटला टाके घालत होते. पण तिथल्या सिस्टरने पोरीचे कपडे वर केले, बरगड्या पाहिल्या आणि काही न बोलता ऑक्सिजन सुरू केला. लहान मुलांचा मास्क नव्हता, म्हणून मोठ्यांचा मास्क नाकाजवळ धरून ती उभी राहिली. डॉक्टर पंधरा मिनिटांत आले, इंजेक्शन दिले, चिठ्ठी लिहिली. १०८ची गाडी बाळंतिणीला घेऊन गेली होती, तिला यायला तास लागणार होता. २.१० ला मित्राच्या ओम्नीतून हे कुटुंब निघाले. ऑक्सिजन अर्थातच मागे राहिला.

३.१०, जिल्ह्याच्या ठिकाणचे खासगी रुग्णालय. “आधी काउंटरवर वीस हजार भरा.” मोबाईलवरून पैसे जाईनात, सर्व्हर बंद. मुलगी आईच्या मांडीवर, बाकावर. पस्तीस मिनिटांनी वरून उतरणाऱ्या एका डॉक्टरांची नजर बाकाकडे गेली. ते काउंटरवरच्या माणसावर ओरडले आणि मुलीला उचलून स्वतः आत घेऊन गेले.

३.४५, ऑक्सिजन लावला.

मला फोन केल्यापासून तीन तास पंचावन्न मिनिटे. त्यात फक्त अर्धा-पाऊण तास मुलीला ऑक्सिजन मिळाला, तोही जिथे आपण नाक मुरडत जातो त्या सरकारी रुग्णालयात. निदान न्यूमोनियाचे होते. पाच दिवस ऑक्सिजन आणि सलाईन चालले, सहाव्या दिवशी ती घरी आली. आता ती भिंतीला धरून चालते.

“तू कुठेच चुकला नाहीस,” असे मी त्याला म्हणालो. पण मग चुकले कोण, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख.

माझ्यापासून सुरुवात

‘पोट उडतंय’ हे आपल्याकडच्या आयांचे शब्द वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातील एका लक्षणाइतके अचूक आहेत. मूल श्वास जलद घेऊ लागले आणि त्याला जोर लावावा लागला की पोट भराभर खाली-वर होते आणि श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, म्हणजे शेवटच्या बरगड्यांचा भाग, आत ओढला जातो. सर्दीत नाक चोंदते, घुरघुर होते, पण बरगड्या आत ओढल्या जात नाहीत. हे पाहण्यासाठी मुलाचा स्वेटर आणि झबले वर करावे लागते. एवढेच मी केले नव्हते.

आणि श्वास मोजावे लागतात. मूल शांत असताना, रडत नसताना, दूध पीत नसताना, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असले तर ते जलद समजावे. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. यासाठी ना एक्स-रे लागतो, ना रक्ततपासणी.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून खेड्यांतील आरोग्यदूतांना आणि दायांना हेच शिकवले. ज्या दायांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे साधन तयार केले. श्वास मोजा, जलद असतील तर औषध सुरू करा. त्यामुळे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोलीच्या जंगलातील निरक्षर दाई जे करीत होती ते तालुक्याच्या गावी, भिंतीवर एमबीबीएसची सनद लावून बसलेल्या माझ्या हातून त्या संध्याकाळी झाले नाही. आमच्या वेळी बालरोग हा स्वतंत्र परीक्षेचा विषय नव्हता, मेडिसिनच्या पेपरातलाच एक भाग होता. पण ही सबब पुरत नाही. श्वास मोजायला मला येत होते.

खोकल्याच्या बाटलीबद्दलही लिहितो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांना मूत्रपिंडे बंद पडल्यावर आपल्या नागपूरला आणले गेले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकल्याची व सर्दीची अशी औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा टाळावीत. खोकला-सर्दीची ही मिश्रणे लहान मुलांना फारशी उपयोगीही पडत नाहीत. ती आम्ही लिहितो, कारण बाटलीशिवाय आई-बापाला डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखे वाटत नाही, आणि आमचाही वेळ वाचतो. श्वास मोजायला एक मिनिट लागते, बाटली लिहायला दहा सेकंद.

फोनवर मी जे सांगितले ते तर अधिकच चुकीचे. दूध ओढत नाही आणि धाप आहे, हे दोन शब्द एकत्र आले की ‘सकाळी आणा’ म्हणता येत नाही. पण झोपेतल्या माणसाला ताप तेवढा ऐकू येतो, कारण तापाचे उत्तर त्याच्याकडे तयार असते.

‘नाजूक आहे, पुढे न्या’

पालकांना सर्वांत जास्त राग या वाक्याचा येतो, आणि तो रास्त आहे. तरीही हे वाक्य कुठून येते हेही सांगितले पाहिजे.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. औषधाचा प्रत्येक डोस वजनावर काढावा लागतो. जुलाबाने सुकलेल्या आठ महिन्यांच्या बाळाची शीर सापडणे हे रात्री दोन वाजता कोणालाही घाम फोडणारे काम आहे. मास्क वेगळा, नळ्या वेगळ्या, रक्तदाबाचा पट्टा वेगळा. २०२०-२१ च्या करोनाकाळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, पण तान्ह्या बाळाच्या बोटाला ते यंत्र नीट बसत नाही आणि भलतेच आकडे दाखवते. शिवाय मुले आजाराशी बराच वेळ नेटाने झुंजतात आणि मग एकदम ढासळतात. ज्या डॉक्टरला मुलांची सवय नाही त्याला हे ठाऊक असते आणि म्हणून तो हात लावत नाही.

दुसरे कारण भीती. मूल दारात दगावले तर जमाव येतो, काचा फुटतात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, पण रात्री दीड वाजता रात्रपाळीच्या एकट्या पोराला कायदा आठवत नाही, पंधरा माणसे आठवतात. पालकांनी हे समजून घ्यावे असे मी म्हणेन. मात्र आम्ही डॉक्टरांनी त्याआड लपू नये.

कारण कायदा दुसऱ्या बाजूनेही आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार करणे हे त्याचे कर्तव्य आहे. पुढे १९९६ चा एक निकाल आहे. पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘सोय नाही’, ‘खाट नाही’ म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. माझ्यासमोर पडलेल्या त्या पावतीवरील नोंदी आणि हकीम शेखची फरफट यांत मला फार फरक दिसला नाही.

तातडीचे उपचार म्हणजे सगळे उपचार नव्हेत. ज्याच्याकडे मुलांचा तज्ज्ञ नाही त्यानेही मुलाचे कपडे वर करून पाहणे, ऑक्सिजन लावणे, फिट चालू असेल तर ती थांबवणे, साखर पाहणे, पुढच्या रुग्णालयाला फोन करणे आणि चिठ्ठी देणे, एवढे तरी करायचे असते. ग्रामीण रुग्णालयातील त्या सिस्टरने हेच केले. तिच्याकडे योग्य मास्क नव्हता, तिने मोठा मास्क हातात धरून ठेवला.

राज्यभरातील ग्रामीण रुग्णालये साधारण तीस खाटांची असतात. तिथे बालरोगतज्ज्ञ असावा अशी अपेक्षा आहे, पण अनेक ठिकाणी ही जागा रिकामी असते किंवा एकच तज्ज्ञ दोन ठिकाणी धावत असतो. १०८ ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी आपल्या राज्यात आली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. तरी एका तालुक्यात एकाच रात्री बाळंतीण, अपघात आणि न्यूमोनियाचे मूल असे तिघे असले तर गाडी कोणाला द्यायची? याचे उत्तर मुंबईतच शोधावे लागेल, ते माझ्या दवाखान्यात नाही.

आईचे ऐकावे

इंग्लंडमधील मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडून जखमी झाली आणि पुढे रक्तात जंतुसंसर्ग होऊन २०२१ साली रुग्णालयातच दगावली. तिची प्रकृती बिघडत असल्याचे आई-वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांच्या लढ्यामुळे २०२४ पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला. मुलाची प्रकृती खालावते आहे आणि आपले ऐकले जात नाही असे पालकांना वाटले, तर ते दुसऱ्या डॉक्टरांच्या पथकाकडून तातडीने तपासणी मागू शकतात. एवढ्या श्रीमंत, सुसज्ज व्यवस्थेतही असा नियम करावा लागला, यावरून कळते की हा प्रश्न केवळ यंत्रांचा आणि खाटांचा नाही.

आपल्याकडे असा नियम नाही. म्हणून आयांना मी शब्दच सुचवतो. “ताप आहे” एवढेच सांगू नका. तापाने डॉक्टर दचकत नाहीत. “ही नेहमीसारखी नाही” असे म्हणा आणि लगेच काय वेगळे आहे ते सांगा: कालपासून दूध ओढत नाही, दिलेले सगळे उलटते, सहा-आठ तासांत लघवी केली नाही, हाक मारली तर डोळे उघडत नाही, मान टाकते, झटके आले, बरगड्या आत जातात, शांत असतानाही श्वासाला घर्रघर्र असा आवाज येतो. यांतील एकही गोष्ट असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, आणि फोनवर कोणी ‘सकाळी आणा’ म्हणाले तरी पाहायची नाही. मग तो डॉक्टर मी असलो तरी. दोन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला, अंग गार पडले किंवा ते अंगावर पिईनासे झाले, तरी तेवढ्यावरच रुग्णालय गाठावे.

फोन करताना मुलाचे वय आणि वजन आधी सांगावे. वजन ठाऊक नसल्याने रात्री डोस चुकतात. तापाचे औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम एका वेळी, आणि दोन डोसांमध्ये साधारण सहा तास असा साधा हिशेब आहे. पण बाजारात पाच मिलिला १२५ ची बाटली आहे, पाच मिलिला २५० चीही आहे आणि थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. आजी थेंबांचे औषध चमच्याने देते आणि चारपट-पाचपट डोस जातो, हे मी दर वर्षी पाहतो. बाटली घेताना औषध दुकानदाराकडून त्यावर ‘किती मिलि’ ते पेनाने लिहून घ्यावे.

फिटबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्या प्रसंगी घरातील सगळ्यांचा धीर सुटतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात झटके येणे तसे दुर्मीळ नाही, आणि बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा फोडून नाकाला लावणे, चप्पल हुंगवणे हे प्रकार आजही चालतात. त्यांनी काही होत नाही, फक्त मौल्यवान मिनिटे जातात. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर औषधाने थांबवावा लागतो. त्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा मिळतो. एकदा झटका येऊन गेलेल्या मुलाच्या पालकांनी तो घरी ठेवावा की नाही हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. पहिल्यांदाच झटका आला असेल तर तो थांबला तरी मुलाला त्याच दिवशी दाखवून आणावे. फिट पाहून घाबरलेल्या बापाने भरधाव मोटारसायकल चालवून अपघात केल्याचे उदाहरण माझ्याच गावातील आहे, म्हणून दोन मिनिटे थांबा असे सांगतो.

जुलाबाच्या मुलाला घेऊन निघालात तर वाटेतही चमच्याचमच्याने जलसंजीवनी चालू ठेवावी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासित छावण्यांत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंना वाचवले होते. धाप लागलेल्या मुलाला मात्र आडवे दाबून धरू नये, मांडीवर बसते ठेवावे आणि जबरदस्तीने काही पाजू नये. घासलेट प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नये. हे सांगावे लागते, कारण आपल्याकडे पहिला उपाय मिठाच्या पाण्याचाच होतो.

विंचवाचे मला विशेष सांगायचे आहे. कोकणात विंचू चावून मुले दगावत असत. महाडसारख्या लहान गावी राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर वापरली आणि हे मृत्यू कितीतरी कमी केले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरात, मोठ्या यंत्रावर नव्हे, तर तालुक्याच्या गावी, जवळच्याच डॉक्टरने लवकर काही केल्याने ते झाले. ‘पुढे न्या’ म्हणण्याआधी हातात असलेले दोन उपाय करता येतात, हे आम्ही डॉक्टरांनी त्यांच्याकडून घ्यावे.

काउंटरवरचे वीस हजार

पैशांबाबत पालकांना पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांसाठी स्वतंत्र कक्षही आहे. खासगी रुग्णालयात जायचेच असेल तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारावे आणि रेशनकार्ड व आधारकार्डाच्या प्रती घरात एका पिशवीत, मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवाव्यात. तातडीच्या प्रसंगी आधी दाखल करून मागाहून कागद देण्याची सोय योजनेत आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार प्रत्येक नर्सिंग होमने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. बाकावर बसल्या बसल्या ती पाटी कुठे आहे ते पाहावे. नसेल तर तेही विचारावे.

माझ्या त्या पोराला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, त्या वेळी मला पाटी वाचायची अक्कलच राहिली नव्हती. पोरगी निळी पडत होती.” खरे आहे. म्हणून हे आज, मूल हसत-खेळत असताना वाचून ठेवायचे.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलो नाही. चारही ठिकाणी मिळून कोणी त्याच्या बायकोला “काय झालं?” असे विचारले असेल तर ते फक्त त्या सिस्टरने. बाकी सगळे त्याच्याशी बोलले, किंवा कागदाशी.

आठ दिवसांनी ती स्वतः मुलीला दाखवायला आली. नऊ महिन्यांची न्यूमोकोकल लस राहून गेली होती. त्या वेळी माहेरी गेली होती, परत आल्यावर विसर पडला. २०२१ पासून ही लस सरकारी लसीकरणात देशभर मोफत मिळते. लसीने सगळा न्यूमोनिया टळत नाही, पण त्यातील एक मोठे कारण कमी होते. डोस राहिला असेल तर ‘आता वय गेले’ असे घरीच ठरवू नये, आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारावे. मी माफी मागितली. ती म्हणाली, “मी सांगितलं होतं तुम्हाला.” एवढेच. मी मान खाली घालून मुलीचा स्वेटर वर केला आणि घड्याळ समोर ठेवून श्वास मोजले. चौतीस.

त्यानंतर मी दवाखान्यात दोन गोष्टी केल्या. खोकल्याचे मूल आले की कपडे वर करून एक मिनिट मोजायचे, मग बाहेर कितीही रांग असो. रांगेतील लोक कुरकुरतात. कंपाउंडरला सांगून ठेवले आहे की धाप, झटके किंवा मान टाकलेले मूल आले तर नंबर न पाहता आत सोडायचे. त्यावरूनही एकदा भांडण झाले आहे.

दुसरे, गावातील आम्ही सात डॉक्टर एकत्र बसलो. प्रत्येकाने आठवड्यातील एक रात्र घ्यायची. त्या रात्री कोणतेही मूल आले तर ते पाहायचे, निदान ऑक्सिजन लावून, चिठ्ठी देऊन आणि पुढे फोन करून पाठवायचे. छोट्या मास्कचे दोन संच आम्ही वर्गणी काढून घेतले, त्यातला एक ग्रामीण रुग्णालयात दिला. आज कोणाची रात्र आहे, त्याचे नाव आणि फोन नंबर बसस्थानकासमोरच्या औषध दुकानाच्या शटरवर लावलेल्या फळ्यावर लिहिलेले असते. पाच जणांनी आपापले वार दिले आहेत. बुधवार आणि रविवार अजून रिकामे आहेत.